एका दोराची गोष्ट : 'मोबी डिक'मधील 'लाइन' आणि चाकणची 'लाइन'

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळेगाव आणि चाकण या पट्ट्यात 'लाइन' हा शब्द दिवसातून किती वेळा उच्चारला जातो, याची मोजदाद कोणी केलेली नाही. पण पाळी सुरू झाल्यापासून सुटेपर्यंत तो कानावर पडत नाही, असा तास सापडणे कठीण. कामगार 'लाइनवर' जातो. त्याच्यावर 'लाइन लीडर' असतो. सुटे भाग 'लाइनला' लागतात आणि वेळेवर लागले नाहीत की 'लाइन थांबते'. लाइन थांबली की वातानुकूलित खोलीतल्या साहेबापासून ट्रकच्या चालकापर्यंत सर्वांचे फोन वाजू लागतात. आयटीआय करून आलेल्या मुलाला गावाकडचा मामा विचारतो, 'कुठल्या लाइनला आहेस?' तेव्हा त्याचा अर्थ व्यवसाय असा असतो. संध्याकाळी खोलीवर परतल्यावर 'लाइन गेली' म्हटले की वीज गेली. शेजारच्या बांधकामावर गवंडी भिंतीची पातळी धरतो ती लाइनदोरीने. कॉलेजच्या कट्ट्यावर लाइन 'मारली' जाते, तो अर्थ सांगण्याची आवश्यकता नाही.

इतक्या अर्थांचे ओझे वाहणारा हा शब्द मराठीने आपलासा केला त्याला शतकाहून अधिक काळ लोटला. मात्र या शब्दाच्या पोटात काय दडले आहे, हे पाहायचे असेल तर शब्दकोशापेक्षा एक कादंबरी अधिक उपयोगी पडते. समुद्र आणि देवमाशांच्या शिकारीवरील ही कादंबरी म्हणजे हर्मन मेल्विल याची 'मोबी डिक'. ती ऑक्टोबर १८५१ मध्ये लंडनमध्ये 'द व्हेल' या नावाने तीन खंडांत आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क येथे 'मोबी-डिक' या नावाने प्रसिद्ध झाली. एकशे पस्तीस प्रकरणे आणि एक छोटा उपसंहार, असा तिचा पसारा आहे. कथानक मात्र दोन वाक्यांत सांगता येते. एका पांढऱ्या देवमाशाने पाय तोडलेला कप्तान आहाब सूडाने पेटून 'पेक्वॉड' हे जहाज घेऊन त्या माशाच्या मागे जगभर हिंडतो. शेवटी तो मासा सापडतो आणि जहाज, कप्तान व खलाशी सारेच बुडतात. उरतो तो फक्त ही हकीकत सांगणारा इश्माएल.

या एवढ्या मोठ्या पसाऱ्यात 'लाइन' हा एक शब्द धाग्यासारखा ओवलेला आहे. कधी तो दोर असतो, कधी नकाशावरील रेषा, कधी कपाळावरची आठी, कधी विषुववृत्त. आणि अखेरीस हाच शब्द नायकाचा गळा आवळतो.

मुळात धागाच

'लाइन' या शब्दाचे मूळ लॅटिन 'लिनेआ'मध्ये आहे आणि त्याचेही मूळ 'लिनम' म्हणजे जवस अथवा अळशी या वनस्पतीत. जवसाच्या झाडापासून निघणाऱ्या तंतूचा धागा, तो 'लिनेआ'. त्याच झाडाच्या धाग्याचे कापड 'लिनन'. ताणलेल्या धाग्यासारखी सरळ, म्हणून पुढे रेषा. रेषेसारखी, म्हणून रांग, ओळ, वंश, मार्ग, असा अर्थविस्तार होत गेला. मराठी वाचकाला हा प्रवास परका वाटू नये. संस्कृत 'सूत्र' म्हणजे धागाच. त्यावरून नियम झाला, गणितातले सूत्र झाले, नाटकाचा सूत्रधार झाला आणि लाकडावर सुताने रेघ मारणारा सुतारही झाला. सत्तेची 'सूत्रे हाती घेणे' असे आपण म्हणतो, तेव्हा हातात धागेच असतात.

मेल्विलला या व्युत्पत्तीची जाण होती की नाही, हा प्रश्न गौण आहे. त्याला दोराची जाण होती. जानेवारी १८४१ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो 'अकुश्नेट' नावाच्या देवमासे पकडणाऱ्या जहाजावर साधा खलाशी म्हणून चढला. सुमारे दीड वर्ष त्याने ते काम केले आणि पुढे मार्केसास बेटांवर जहाज सोडून पळ काढला. कामगाराने आपल्या अवजाराकडे ज्या नजरेने पाहावे, त्या नजरेने तो दोराकडे पाहतो. लेखक अवजाराकडे पाहतो तशा नजरेने नव्हे.

याचा पुरावा म्हणजे कादंबरीचे साठावे प्रकरण. त्याचे नावच 'द लाइन' असे आहे. वरवर पाहता ते एखाद्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेसारखे वाटते. हार्पूनला बांधलेला हा दोर जेमतेम दोन तृतीयांश इंच, म्हणजे सतरा मिलीमीटरच्या आसपास जाड. त्यात एक्कावन्न सुते पिळलेली असतात, प्रत्येक सूत एकशे वीस पौंड वजन पेलते आणि मिळून दोर जवळजवळ तीन टनांचा ताण सहन करतो. लांबी दोनशे वावांहून थोडी अधिक, म्हणजे साडेतीनशे मीटरच्या पुढे. पूर्वी हे दोर हेम्पचे, म्हणजे भांगेच्या कुळातील झाडाच्या वाखाचे असत. अमेरिकी जहाजांवर पुढे मनिला दोर आला, तो फिलिपिन्समधील अबाका या केळीच्या कुळातील झाडाचा. हे सारे मेल्विल अशा आस्थेने सांगतो, की चाकणच्या एखाद्या गुणवत्ता विभागातील निरीक्षकाने त्याला शाबासकी द्यावी.

दोर होडीच्या मागील बाजूला एका टबात वेटोळी करून ठेवलेला असतो. ही वेटोळी घालण्यात हार्पून फेकणारा गडी जवळजवळ सारी सकाळ घालवतो. कारण त्यात एक पीळ, एक गाठ राहिली तर दोर सुसाट धावू लागल्यावर कोणाचा तरी हात, पाय किंवा सबंध देह घेऊन जाणार, हे निश्चित. टबातून निघालेला दोर मागच्या खुंटाला वळसा घालतो, तेथून होडीच्या सबंध लांबीतून प्रत्येक वल्हेकऱ्याच्या वल्ह्यावर आडवा पडत, दोन्ही बाजूंना बसलेल्या माणसांच्या मधून नाळेकडे जातो आणि तेथील खाचेतून बाहेर पडून हार्पूनला जोडला जातो. म्हणजे होडीतला एकही माणूस दोराच्या बाहेर नसतो. हार्पून लागून मासा उधळला, की हे सारे वेटोळे विजेच्या वेगाने सुटते. पुढच्याच प्रकरणात स्टब हा अधिकारी दोर भिजवायला ओरडून सांगतो आणि टबापाशी बसलेला गडी डोक्यावरची टोपी काढून त्यातून समुद्राचे पाणी दोरावर मारतो, इतके घर्षण आणि इतकी उष्णता त्यात असते.

या प्रकरणात एक तपशील असा आहे, की घाईत वाचणारा तो सोडून देईल. दोराचे खालचे टोक होडीला बांधलेले नसते. त्याला विणलेला फासा करून तो टबाच्या काठावरून मोकळा लोंबत ठेवतात. कारणे दोन. मासा फार खोल गेला तर शेजारच्या होडीचा दोर त्याला जोडता यावा. आणि दुसरे अधिक महत्त्वाचे : टोक होडीला पक्के असते आणि मासा दोर संपेपर्यंत खाली गेला असता, तर होडी माणसांसकट तळाशी गेली असती. हे मोकळे टोक म्हणजे आजच्या भाषेत 'सेफ्टी फीचर'. ते ध्यानात ठेवावे; पंच्याहत्तर प्रकरणांनंतर ते पुन्हा येते.

प्रकरणाच्या शेवटी मेल्विल दोराला होडीबाहेर काढतो. दोर धावत असतानाची भीती समजण्याजोगी आहे, पण त्याहून भयंकर असतो तो धावण्यापूर्वीचा निवांतपणा, जेव्हा तो वल्हेकऱ्यांभोवती गुपचूप वळसे घालून पडलेला असतो. आणि असे दोर, तो सुचवतो, सर्वच माणसांभोवती असतात. घरात शेकोटीपाशी बसलेला तत्त्वज्ञ होडीतल्या गड्याहून मुळीच सुरक्षित नसतो.

औद्योगिक पट्ट्यातील वाचकाला हे प्रकरण वाचताना तत्त्वज्ञ आठवणार नाही. त्याला प्रेस शॉप आठवेल. पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसखाली बोटे जाण्याचे अपघात वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीत, विशेषतः लहान कारखान्यांत, होत आले आहेत. फिरत्या व धोकादायक भागांभोवती कुंपण असलेच पाहिजे, अशी सक्ती १९४८ च्या कारखाने कायद्याने केली होती. त्याहून जुन्या, १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात तर अवयवांचे कोष्टकच होते. अंगठा गेला तर कमावण्याची शक्ती तीस टक्के गेली, सबंध तर्जनी गेली तर चौदा टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर पन्नास टक्के. असे कोष्टक कोणा निर्दयी माणसाने केलेले नसते. भरपाई देण्यासाठी ते लागतेच. तरीही ते वाचताना मेल्विलचे वाक्य न्‌ वाक्य आठवावे, असा त्याचा कोरडेपणा आहे.

कपाळावरची आणि पृथ्वीवरची

आता दोराकडून रेषेकडे. चव्वेचाळिसाव्या प्रकरणात आहाब रात्री आपल्या खोलीत नकाशे पसरून बसला आहे. जुन्या जहाजांच्या नोंदवह्या पाहून तो पेन्सिलीने नवे मार्ग आखतो आहे. डोक्यावर साखळीने टांगलेला दिवा जहाजाबरोबर हलतो आणि त्याच्या उजेड-सावलीच्या रेघा आहाबच्या सुरकुतलेल्या कपाळावर पडतात. तो नकाशावर रेषा मारत असताना दुसरी एखादी अदृश्य पेन्सिल त्याच्या कपाळाच्या नकाशावर रेषा मारीत आहे, असे भासते. इंग्रजीत दोन्हीकडे शब्द एकच आहे. मराठी अनुवादकाची येथे पंचाईत होते. नकाशावर 'रेषा' म्हणावे, तर कपाळावर 'सुरकुती' किंवा 'आठी' म्हणावे लागेल आणि मग दोहोंना सांधणारा दुवाच निखळतो. 'रेघ' हा शब्द दोन्ही ठिकाणी चालेल. शिवाय कपाळावरच्या रेघेत मराठी माणसाला नशीबही दिसते, जे मेल्विलच्या वाचकाला दिसले नसेल. अनुवादात काही हरवते तसे काही गवसतेही.

याच प्रकरणात 'लाइन'चा आणखी एक अर्थ मोठ्या अक्षराने येतो. खलाशांच्या भाषेत 'द लाइन' म्हणजे विषुववृत्त. प्रशांत महासागरात विषुववृत्ताच्या आसपास ठराविक काळात मोबी डिक दिसतो, त्या काळाला आणि जागेला खलाशांचे खास नाव आहे, 'सीझन-ऑन-द-लाइन'. तेथेच त्या माशाशी सर्वाधिक प्राणघातक चकमकी झालेल्या असतात. 'पेक्वॉड' नाताळच्या दिवशी बंदर सोडते. या हंगामापर्यंत तेथे पोहोचणे शक्य नसते, म्हणून आहाबला पुढल्या वर्षाची वाट पाहावी लागते आणि मधले सगळे भ्रमण हे त्या वाट पाहण्याचा भाग ठरते. सबंध कादंबरी अशी एका रेषेकडे सरकत राहते. माशाला प्रथम पाहणाऱ्यासाठी आहाबने डोलकाठीला ठोकलेले सोन्याचे नाणेदेखील इक्वेडोरचे आहे, आणि त्या देशाच्या नावाचा स्पॅनिश भाषेतला अर्थच विषुववृत्त! योगायोग म्हणावा, तर मेल्विल असे योगायोग सहजासहजी घडू देणाऱ्यांपैकी नव्हे.

विषुववृत्ताची लाइन आणि कारखान्याची लाइन यांची गाठ पिंपरीत प्रत्यक्षच पडलेली आहे. टाटांची 'इंडिका' १९९८ मध्ये बाजारात आली. तिच्या उत्पादनासाठी निसान कंपनीच्या ऑस्ट्रेलियातील बंद पडलेल्या कारखान्यातील असेंब्ली लाइन विकत घेण्यात आली, सुटी करण्यात आली आणि जहाजाने भारतात आणून पुण्यात पुन्हा उभी करण्यात आली. ऑस्ट्रेलियाहून भारताकडे येणारे कोणतेही जहाज विषुववृत्त ओलांडूनच येते. एक 'लाइन' दुसरी 'लाइन' ओलांडून आली, असे वाक्य मेल्विलला आवडले असते. तिकडे ज्यांच्या हाताखालून ती गेली, त्यांची नोकरी १९९२ मध्येच गेली होती. इकडे तिच्यावर एका पिढीचे संसार उभे राहिले.

जहाज की कारखाना?

'पेक्वॉड' हा तरंगता कारखाना आहे, ही गोष्ट अनेक समीक्षकांनी मांडली. त्रिनिदादचे विचारवंत सी. एल. आर. जेम्स यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ती विशेष जोराने मांडली. हे पुस्तक त्यांनी लिहिले ते अमेरिकेतील एलिस आयलंडवर स्थानबद्ध असताना. मारलेला मासा जहाजाच्या कुशीला बांधून त्याची चरबी लांब पट्ट्यांनी सोलायची, तिचे तुकडे करायचे, तुकड्यांच्या चकत्या करायच्या, डेकवरच्या विटांच्या भट्टीतील कढयांत त्या उकळायच्या, तेल पिंपांत भरायचे आणि पिंपे तळघरात उतरवायची, असा तो क्रम. प्रत्येक टप्प्यावर ठरलेला माणूस, ठरलेले अवजार. हे तेल अमेरिका आणि युरोपातील दिव्यांत जळत होते आणि यंत्रांच्या सांध्यांत वंगण म्हणून जात होते. या साऱ्या क्रमाला मेल्विल कोठेही 'लाइन' म्हणत नाही. तो अर्थ तेव्हा जन्माला यायचा होता.

तो आला १९१३ मध्ये. डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क येथील कारखान्यात हेन्री फोर्डच्या अभियंत्यांनी 'मॉडेल टी' मोटारीच्या सांगाड्याची हलती जुळणी सुरू केली. पूर्वी एका सांगाड्याला साडेबारा तासांच्या आसपास लागत. वर्षभरात ते दीड तासावर आले. या क्रांतीच्या पहिल्या प्रयोगात कोणतेही मोठे यंत्र नव्हते. अडीचशे फूट अंतरावर सुट्या भागांचे ढीग मांडले होते आणि सांगाडा ओढला जात होता तो दोर आणि रहाटाने. ज्या अर्थाने आज चाकणमध्ये 'लाइन' म्हणतात, त्या अर्थाची सुरुवातही अशी एका दोराने झाली.

शब्दाचा हा फेरा पाहिल्यावर बहात्तरावे प्रकरण वेगळे वाचता येते. त्यात शब्द 'लाइन' नसून 'रोप' आहे, हे काटेकोर वाचकाने नोंदवावे. पण मेल्विलने दोराचा विचार जेथे सर्वात पुढे नेला, ते हे ठिकाण. क्वीक्वेग हा हार्पूनधारी माशाच्या निसरड्या पाठीवर उभा राहून काम करतो आहे. खाली शार्क गोळा झाले आहेत. त्याच्या कमरेचा दोर वर डेकवर इश्माएलच्या कमरेला बांधलेला आहे. क्वीक्वेग बुडाला तर दोर कापायचा नाही, अशी रीत. म्हणजे इश्माएलनेही बुडायचे. इश्माएलला जाणवते की आपले स्वातंत्र्य आता भागीदारीच्या कंपनीत विलीन झाले आहे आणि दुसऱ्याच्या चुकीने आपला जीव जाऊ शकतो. मग तो म्हणतो, हे केवळ आपलेच नाही. पेढीवाला बुडाला की ठेवीदार बुडतो, औषधविक्याने चुकीची गोळी दिली की रोगी जातो.

भोसरीतील दहा-बारा माणसांच्या वर्कशॉपला हे समजावून सांगावे लागत नाही. तेथे तयार होणारा एखादा बुश किंवा ब्रॅकेट चाकणच्या मोठ्या कारखान्याला तासांच्या हिशेबाने पोहोचतो. साठा कोणाकडेच नसतो. दोघांच्या कमरेला दोर. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा तो एकदम ताणला गेला. २०२१ मध्ये जगभर सेमीकंडक्टर चिपचा तुटवडा पडला आणि नखाएवढ्या भागापायी वाहनांच्या लाइन मंदावल्या. ज्या वर्कशॉपचा चिपशी काडीचा संबंध नव्हता, त्यांच्या ऑर्डरी त्यामुळे घटल्या. तळेगाव येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. मधल्या काळात वर दोर धरून कोण उभे होते आणि खाली कोण होते, हे त्या परिसरातील खाणावळवाल्यांनाही ठाऊक आहे.

कापू का?

कादंबरीतील 'लाइन'चा सर्वात अस्वस्थ करणारा प्रसंग त्र्याण्णवाव्या प्रकरणात आहे. पिप हा जहाजावरचा लहानगा कृष्णवर्णीय मुलगा. एक वल्हेकरी जायबंदी झाल्याने त्याला बदली म्हणून होडीत बसवले जाते. आजच्या भाषेत, हंगामी कामगार. हार्पून लागलेल्या माशाचा धक्का होडीला बसताच तो घाबरून उडी मारतो आणि धावत्या दोरात अडकतो. छातीभोवती आणि मानेभोवती दोराचे वळसे बसतात, मासा पुढे खेचतो आहे. टॅशटेगो हा हार्पूनधारी सुरी उपसून दोरावर धरतो आणि स्टबकडे वळून एका शब्दात विचारतो, कापू का? पिपचा चेहरा गुदमरून निळा पडला आहे. अर्ध्या मिनिटात सारे घडते. स्टब शिवी हासडून कापायला सांगतो. मासा जातो, पिप वाचतो.

मग हिशेब येतो. स्टब त्याला बजावतो, पुन्हा उडी मारलीस तर उचलणार नाही; अलाबामाच्या गुलामबाजारात तुझी जी किंमत येईल, तिच्या तीसपट किंमत एका माशाची आहे. पिप पुन्हा उडी मारतो. या वेळी तो दोरात अडकत नाही, म्हणून दोर कापण्याचा प्रश्नच येत नाही. होडी निघून जाते. अफाट समुद्रात एकट्या पडलेल्या पिपला पुढे योगायोगाने जहाज उचलून घेते, पण त्याचे मन ठिकाणावर राहिलेले नसते.

टॅशटेगोच्या त्या प्रश्नात लाइन थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हा कारखान्यातला जुना वाद आहे. सुरी त्याच्या हातात होती, निर्णय नव्हता. जपानमध्ये टोयोटाने या प्रश्नाला जे उत्तर दिले ते पुन्हा दोराचेच होते. लाइनच्या कडेने वर एक दोर टांगलेला असे. काही बिघडले, काही चुकले, तर कोणत्याही कामगाराने तो ओढायचा. दिवा लागतो, वरिष्ठ धावत येतो आणि ठरलेल्या वेळात दोष निघाला नाही तर लाइन थांबते. या पद्धतीला 'अँडॉन' म्हणतात. मूळ जपानी अर्थ कंदील. दोराच्या जागी पुढे अनेक ठिकाणी बटणे आली. ही पद्धत जपानी उत्पादनतंत्राबरोबर आपल्याकडील वाहन उद्योगातही आली आणि भिंतीवरच्या फलकांवर तिची माहिती लिहिलेली असते. फलकावर अधिकार असणे वेगळे आणि महिनाअखेरीस, उद्दिष्ट अपुरे असताना, सात महिन्यांच्या कंत्राटावरील मुलाने बटण दाबणे वेगळे. हे अंतर किती, ते प्रत्येक कारखान्यात निराळे असते, आणि कारखान्याची पारख करायला याहून चांगले माप क्वचितच सापडेल.

कुजलेला दोर आणि शेवटचा फासा

एकशे पंचविसाव्या प्रकरणात आणखी एक दोर येतो. जहाजाचा वेग मोजण्यासाठी लाकडाचा तुकडा दोराला बांधून पाण्यात सोडत आणि ठराविक वेळात दोराच्या किती गाठी हातातून गेल्या ते मोजत. जहाजाचा वेग आजही 'नॉट'मध्ये, म्हणजे गाठींत, सांगतात तो यामुळेच. 'पेक्वॉड'वरचा हा दोर फार दिवस वापरात नव्हता. ऊन-पाण्याने तो कुजला आहे. एक म्हातारा खलाशी कप्तानाला तसे सांगतोही. आहाब म्हणतो, टिकेल. दोर तुटतो. देखभालीच्या नोंदवहीत शोभेल असा हा प्रसंग आहे : धोक्याची सूचना खालून आली, वरून नाकारली गेली, आणि मग अवजार मोडले. त्या क्षणी वेडा पिप तेथे येतो आणि आहाब त्याचा हात धरतो; हा पोरगा आपल्या काळजाच्या तंतूंनी आपल्याला बांधला गेला आहे, असे त्याला वाटते. सबंध कादंबरीत आहाबला कोणाशी बांधले जावेसे वाटते, ते येथे, दोर तुटल्यावर.

आहाबच्या मृत्यूचे भाकीत त्याआधीच झालेले असते. फेडाला नावाचा एक गूढ इसम त्याच्या होडीवर असतो. मेल्विल त्याला 'पारशी' म्हणतो. मात्र पारशी समाजाविषयीची त्याची माहिती ऐकीव आणि अद्भुतरम्य होती, हे पुणेकर वाचकाच्या लगेच लक्षात येईल. फेडाला सांगतो, तुला फक्त हेम्पच मारू शकेल. आहाब हसतो. हेम्प म्हणजे फाशीचा दोर असे तो समजतो, आणि समुद्रावर कोण फाशी देणार? हातात रोज हाच वाख असतो, हे त्याच्या मनात येत नाही.

पाठलागाच्या दुसऱ्या दिवशी होड्यांचे दोर एकमेकांत गुंततात आणि त्या गुंत्यात फेडाला नाहीसा होतो. तिसऱ्या दिवशी तो दिसतो तो माशाच्या पाठीवर, त्याच दोरांच्या वेढ्यांनी करकचून बांधलेला. आहाब हार्पून फेकतो. तो लागतो. दोर खाचेतून धावू लागतो आणि अडकतो. आहाब वाकून तो सोडवतो, आणि सुटतोही. पण उडालेला एक वळसा त्याच्या मानेभोवती बसतो आणि तो होडीतून नाहीसा होतो. इतक्या बडबड्या माणसाच्या तोंडून त्या क्षणी एक शब्दही निघत नाही. होडीतल्या लोकांना तो गेल्याचे कळायच्या आधीच साऱ्याचा शेवट झालेला असतो. शंभरेक पानांची भाषणे ज्याने केली, त्याच्या मृत्यूला मेल्विल जेमतेम दोन-तीन वाक्ये देतो. त्याने दोरातला पीळ सोडवलेला असतो, हे विशेष. काम बरोबर झाले होते.

आणि पुढच्याच क्षणी साठाव्या प्रकरणातले ते मोकळे टोक येते. रिकाम्या टबातून विणलेला फासा उसळून बाहेर पडतो, एका वल्हेकऱ्याला आडवा करतो आणि पाण्यात दिसेनासा होतो. टोक बांधलेले नव्हते, म्हणून होडी खाली ओढली गेली नाही. सुरक्षेची योजना आपले काम चोख करते. पण तोवर माशाने धडक दिलेले जहाज बुडू लागलेले असते आणि त्याच्या भोवऱ्यात ती होडीही जाते.

मेल्विलच्या हयातीत अमेरिकेत या कादंबरीच्या जेमतेम तीन हजारांच्या आसपास प्रती खपल्या. १८६६ पासून एकोणीस वर्षे त्याने न्यूयॉर्क बंदरात जकात निरीक्षकाची नोकरी केली. मालाच्या याद्या तपासणे हे त्याचे काम होते. १८९१ मध्ये तो वारला. लंडनच्या आवृत्तीत तर उपसंहार छापायचाच राहून गेला होता, त्यामुळे सारे बुडाले असताना ही गोष्ट सांगतो कोण, असा आक्षेप तिकडच्या परीक्षकांनी घेतला.

त्या उपसंहारात 'लाइन'ची शेवटची पूर्वतयारी फळाला येते. क्वीक्वेगने आजारपणात स्वतःसाठी शवपेटी करवून घेतली होती. तो बरा झाला आणि जहाजाचे तरंगते कडे हरवले, तेव्हा सुताराला त्या पेटीचेच कडे करण्याचा हुकूम मिळाला. हे काम त्याला मुळीच पसंत नव्हते, पण केले ते नीट. पेटीच्या सांधी डांबराने बुजवल्या आणि चारी बाजूंनी तीन-तीन फुटांच्या तीस 'लाइफ-लाइन' लावल्या. जहाज बुडालेच तर तीस जण एका पेटीसाठी झोंबतील, असा त्याचा हिशेब. भोवरा शांत झाल्यावर ही पेटी पाण्यातून वर उसळली. इश्माएल तिच्या आधाराने जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र तरंगत राहिला आणि मग 'रेचेल' नावाच्या जहाजाने त्याला उचलले. सुताराच्या तीस दोऱ्या जागच्या जागी होत्या. धरायला माणूस एकच उरला होता.